गिधाड उतरलं तेव्हा

“पाणी पी,” रेहाना म्हणाली. “ओठ बघ तुझे, पापुद्रे निघालेत.”

मी बाटली तोंडाला लावली, घसा हलवल्यासारखं केलं आणि बाटली होती तितकीच भरलेली पिशवीत परत टाकली.

“प्यालीस?”

“प्याले की.”

तिने माझ्याकडे बघितलं आणि पुढे चालायला लागली. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, त्यामुळे खोटं बोलणारी तोंडं तिला लांबून ओळखू यायची. पण त्या दिवशी तिने मला सोडून दिलं.

आम्ही वाघखिंडीच्या डोंगरावर चढत होतो. दर रविवारी डोंगर चढायचा, पाखरं-फुलं-दगड जे दिसेल त्याचे फोटो काढायचे, अशी ही आमच्या गावातली मंडळी. मी त्यांच्यात नवी होते. डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून चालायला सांगितलं होतं आणि मुलगा हैदराबादला नोकरीला जाताना त्याचा जुना कॅमेरा कपाटात टाकून गेला होता. एवढ्या भांडवलावर सत्तेचाळिसाव्या वर्षी मी डोंगरवाली झाले. पहिल्या महिन्यात माझ्या फोटोंत पक्षी कमी आणि पक्षी नुकताच उडून गेलेल्या फांद्याच जास्त होत्या. आमचे हे म्हणायचे, “फांद्याच काढायच्या तर परसातला शेवगा काय वाईट?” पण शनिवारी संध्याकाळी बूट दाराशी काढून ठेवताना मला जो आनंद व्हायचा, तो मी कुणाला बोलून दाखवला नव्हता. पोस्टाच्या काउंटरवर बसून जन्म गेलेल्या बाईला सकाळच्या उन्हात एक नीलपंख दिसतो आणि तो तिच्या कॅमेऱ्यात चक्क नीट येतो, हे काय असतं ते कळायला काउंटरवर बसावं लागतं.

अडचण एकच होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. मंडळींत रेहाना आणि मी अशा दोघीच बायका. बाकी सगळे पुरुष. पुरुषांचं बरं असतं, झाडाकडे तोंड केलं की झालं. मी मात्र रविवारी पहाटेपासून पाणी तोडायचे. साखरेमुळे त्याचाही उपयोग होत नसे. उतरून गावात येईपर्यंत माझ्या पोटात गोळा आलेला असायचा आणि चेहऱ्यावर हसू.

त्या दिवशी खिंडीपर्यंत पोचेतो मी कपाळावरचा घाम पुसत होते, आणि तो उन्हाचा नव्हता. खिंडीत नेहमीप्रमाणे भामरे सर थांबले.

भामरे सर म्हणजे आमचे म्होरके. गावातल्या अर्ध्या लोकांना त्यांनी चित्रकला शिकवलेली. वर्गात शिरले की सगळ्यांचे खोडरबर गोळा करून टेबलावर ठेवायचे, अशी त्यांची ख्याती. “खोडून खोडून चित्र येत नाही,” म्हणायचे, “चुकलेली रेघ दिसली पाहिजे.” निवृत्त झाल्यावर त्यांनी तोच नियम फोटोंना लावला. महिन्यातून एका शनिवारी शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत सगळे जमायचे आणि ज्याने त्याने आपल्या कॅमेऱ्यातलं कार्ड आहे तसं सरांच्या हातात द्यायचं. घरी बसून निवडायचं नाही, कडा कापायच्या नाहीत, वाईट आलेला फोटो काढून टाकायचा नाही. सगळं भिंतीवर दिसायचं, हललेलं, अंधारलेलं, सगळं. जो काही काढून टाकील त्याने पुढे मोसम संपेपर्यंत कॅमेरा घरी ठेवायचा. गेल्याच महिन्यात बागूल कंत्राटदार सापडले होते. त्यांची लेन्स आमच्यात सगळ्यात महागाची. तेव्हापासून ते रिकाम्या हातांनी डोंगर चढत होते आणि तोंडानेच उणं भरून काढत होते.

“मी वळतो इथून,” सर म्हणाले. “तुम्ही वर माळावर चला. जेवायला भेटू.”

“आज तरी येईल का हो सर?” बागुलांनी विचारलं. “दिवाळीपासून बसताय. गिधाडालासुद्धा दया यायला पाहिजे आता.”

सर हसले आणि खांद्यावरची खाकी चादर सारखी करून पलीकडच्या उतारावर निघून गेले. ह्या डोंगरात कुठेतरी गिधाडांचं घरटं होतं. किती वर्षांनी जोडी परत आली होती म्हणे. पिल्लाला भरवायला मोठं गिधाड घरट्यावर उतरतं, तो क्षण सरांना हवा होता. घरटं नेमकं कुठे, ते मला ठाऊक नव्हतं. नव्या माणसाला पहिलं वर्षभर घरट्याची जागा सांगायची नाही, हाही सरांचाच नियम. एकाला सांगितलं की दहाजण येतात आणि पाखरू जातं. मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. पण पुढे जे झालं ते ह्या नियमामुळेच झालं.

खिंडीच्या वर थोडं चढलो आणि मला समजलं, आता नाही. बागूल अगदी पाठीशी होते, रेहानाच्या कानात सांगायचीही सोय नव्हती.

“कॅमेरा धर,” मी तिला म्हटलं. “बुटात खडा गेलाय. व्हा तुम्ही पुढे, आलेच.”

“थांबते ना मी.”

“अगं व्हा म्हटलं ना पुढे!”

मी इतकी खेकसले की दोघंही निमूट निघून गेली. ती वळणाआड होताच मी वाटेवरून खाली उतरले. कड्याच्या पोटातून एक अरुंद पट्टी गेली होती, गुरांनी केलेली असावी. तिच्यावरून कडेकडेने जाऊन मी करवंदीच्या जाळीमागे पोचले. वाटेवरून कुणी आलं असतं तरी मी दिसले नसते. समोर नुसती दरी होती आणि दरीपलीकडे दुसरा कडा. दरीला कसली लाज, असं मनात म्हणत मी घाईघाईने सलवारीची नाडी सोडली आणि बसले.

डोक्यावर बऱ्याच उंचीवर कातळावर पांढरे ओघळ होते. कुणीतरी देवाला चुना लावलाय, असं मला वाटलं. पाखरांची शीट ओळखू येऊ नये, इतकी मी अडाणी.

आणि तेवढ्यात अंगावर सावली आली. ढगाची येते तशी, पण घाईत. मी मान वर केली. माझ्या डोक्यावरून, आधी वाऱ्यात धोतर फडफडावं तसा आवाज करत आणि मग अगदी मुक्याने, ते आलं. एवढं मोठं पाखरू मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्याच्या पंखांची टोकं बोटांसारखी सुटी सुटी दिसत होती. मी बसलेली, उठता येत नव्हतं आणि मान खाली घालवत नव्हती. ते त्या पांढऱ्या ओघळांच्या वरच्या कपारीत उतरलं आणि आतून कुणीतरी बारीक, खरखरीत आवाज केला.

पिल्लू! म्हणजे हेच ते घरटं.

आनंद झाला, खरंच झाला. पण तो टिकला किती? हेच घरटं, तर मग सर कुठे? मी समोर बघितलं. दरीपलीकडच्या कड्यावर, बरोबर माझ्या समोर, खाकी चादर होती. तिच्या पुढे तीन पायांवर कॅमेरा होता आणि त्याचं काळं तोंड माझ्याकडे वळलेलं होतं.

कॅमेऱ्यामागे सर होते. पण ते दरीकडे पाठ करून, कातळाकडे तोंड करून बसले होते.

पाठ केली होती, म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. पाहिल्याशिवाय कुणी पाठ करील कशाला? पण कधी केली? आधी की नंतर? आणि त्या आधी बोट दाबलं गेलं होतं का? मी नाडी कशी बांधली, वर कशी आले, काही आठवत नाही. धरणीने पोटात घ्यावं असं बायका म्हणतात ते मला उगाच वाटायचं. त्या दिवशी मी ते मनापासून म्हटलं.

माळावर जेवताना सर आले. नेहमी ते प्रत्येकाचा कॅमेरा हातात घेऊन काय काढलं ते बघायचे, काहीतरी चांगलं शोधून सांगायचे. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांचे बघितले. माझ्याकडे आले नाहीत. लांब एका दगडावर बसून भाकरी खाल्ली.

“काय सर, आलं का?” बागुलांनी ओरडून विचारलं.

“शनिवारी,” सर म्हणाले.

शनिवारी! माझ्या हातातला घास हातातच राहिला. शनिवारी कार्ड जसंच्या तसं भिंतीवर. कुणी काही काढून टाकायचं नाही. आणि नियम करणारा माणूस तोच.

“अगं, काय झालंय तुला?” रेहाना म्हणाली. “पांढरीफटक पडलीस.”

“पित्त झालंय,” मी म्हटलं.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. काउंटरवर समोर जो येईल त्याच्या तोंडाकडे बघून मला वाटायचं, ह्यालाही शनिवारी कळणार. आमच्या गावात पोस्टातल्या बाईला न ओळखणारा माणूस नाही. भिंतभर मोठा झालेला तो फोटो मला पाकिटांवर शिक्के मारताना दिसायचा. वर गिधाड आणि खाली कोपऱ्यात मी. बागूल काय म्हणतील तेसुद्धा मी मनातल्या मनात त्यांच्याच आवाजात ऐकून ठेवलं होतं. सरांना फोन करावा म्हणून मी कितीदा फोन उचलला. पण बोलायचं काय? “सर, माझा फोटो आलाय का?” असं? तोंडातून ते वाक्य निघणं शक्यच नव्हतं. कॅमेरा मी कपड्याखाली ढकलून कपाट बंद केलं. बूट माळ्यावर टाकले.

मधल्या एका दिवशी सर पोस्टात आले. रांगेत त्यांची पांढरी टोपी दिसली आणि मी सोबतच्या बाईंना म्हटलं, “जरा बसा हो माझ्या जागी,” आणि आत गोदामात जाऊन पोत्यांच्या मागे उभी राहिले. ह्या वयात, चाळीस खेड्यांचं टपाल सांभाळणारी बाई मी, चोरासारखी पोत्यांच्या मागे! थोड्या वेळाने त्या बाई आत डोकावल्या.

“गेले ते. काही घेतलं नाही, टाकलं नाही. तुम्ही आहात का एवढंच विचारलं.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“नाही म्हणून सांगितलं. तुमचं तोंडच तसं झालं होतं.”

मला रडू आलं. ते काहीतरी सांगायला आले होते आणि मी लपून बसले होते.

शनिवारी जायचंच नाही, असं ठरवलं होतं. पण संध्याकाळ झाली तशी दुसरी धास्ती आली. आपण नसताना तो फोटो दिसला तर? आपल्या पाठीमागे सगळे हसतील आणि सोमवारी त्यांनाच आपण तिकिटं देत बसू. त्यापेक्षा समोर बसून मेलेलं बरं. रेहाना बोलवायला आली आणि मी कपाटातून कॅमेरा काढून मुकाट्याने निघाले.

चित्रकलेच्या खोलीत भिंतीवर पांढरी चादर लावलेली होती. सगळे बाकांवर बसले होते. मी दाराजवळची जागा धरली. प्रोजेक्टरच्या यंत्राला एकेकाचं कार्ड लागलं. माझं लागलं तेव्हा सरांनी माझ्या एका कोळ्याच्या जाळ्याचं कौतुक केलं, पण भिंतीकडे बघून केलं. मग बागूल म्हणाले, “आता सरांचं! दिवा बंद करा पूर्ण.”

सरांनी स्वतःच्या हाताने कार्ड लावलं. पहिल्यांदा रिकामं आकाश आलं. मग लांबवर ठिपका. ठिपक्याला पंख आले, तो मोठा झाला, वळला. गिधाडाने पाय सोडले होते, खाली कड्याची कड दिसायला लागली होती. पुढचा फोटो. मी डोळे गच्च मिटले.

“हे काय?” बागुलांचा आवाज आला.

मी डोळे उघडले. भिंतीवर घरटं होतं. गिधाड केव्हाच कपारीत बसलेलं, पंख मिटलेलं, नुसती पाठ दिसत होती. खालची पट्टी आणि करवंदीची जाळी रिकामी होती. तिथे कुणी नव्हतं.

“सर, उतरतानाचा कुठाय?” बागूल उठून उभे राहिले होते. “आधी हवेत आहे, मग एकदम बसलेलं. मधले कुठे गेले?”

“मधले मी काढून टाकले,” सर म्हणाले.

कुणाला आधी ते खरंच वाटलं नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, “खोडरबर!” आणि खोली हसण्याने भरून गेली.

“का पण?” बागुलांनी विचारलं.

“चुकीचे आले होते.”

“चुकीचेच तर दाखवायचे असतात ना सर? माझ्या वेळी हेच म्हणाला होतात. सगळ्यांसमोर म्हणाला होतात.” बागुलांच्या आवाजात महिनाभराचं सगळं साठलेलं होतं. “हलले असतील नाहीतर हात थरथरला असेल. मग कबूल करा की!”

“नियम मलाही आहे,” सर म्हणाले. “मोसम संपेपर्यंत कॅमेरा घरी ठेवीन.”

“पिल्लू उडून जाईल तोवर!” कुणीतरी हळहळलं.

“जाऊ दे.”

त्यांनी खाली बघत यंत्रातल्या कार्डाला हात घातला. आयुष्यभर पोरांचे खोडरबर काढून घेतलेला माणूस, त्याच वर्गात, त्याच पोरांसमोर मान खाली घालून उभा होता. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. कुणाला काही कळणार नव्हतं. मी नुसती गप्प बसले असते तरी भागणार होतं. आणि मला इतकी शरम वाटली, त्या करवंदीमागे वाटली होती त्याच्या कितीतरी पट.

“ते उतरलं होतं,” मी म्हटलं.

सगळे वळले. मी केव्हा उभी राहिले मला कळलं नाही.

“तुम्ही कुठून पाहिलंत?” बागूल म्हणाले. “तुम्ही तर खडा काढायला थांबला होतात.”

“खडा नव्हता. मी त्या जाळीमागे बसले होते.” मी भिंतीकडे बोट दाखवलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता. “लघवीला. मला घरट्याची जागा माहीत नव्हती. सर समोर आहेत हेही माहीत नव्हतं. ते फोटो चुकीचे नव्हते. त्यांत मी होते.”

बागुलांनी मागे हात करून जागा चाचपली आणि ते बाकावर बसले. कुणी माझ्याकडे बघेना. माझे कान नुसते पेटले होते. शेजारी रेहाना आपल्या मांडीकडे बघत खणखणीत बोलली, “मी तर इतकी वर्षं डोंगरावर पाण्याचा थेंब घेत नाही. कुणाला काय त्याचं!”

सर कार्डाला हात तसाच लावून माझ्याकडे बघत होते. त्या रविवारपासून पहिल्यांदा बघत होते.

“मी सांगायलाच आलो होतो पोस्टात,” ते म्हणाले. “तुमची काळजी मिटावी म्हणून. चार-पाच निघून गेले होते बोटाखालून, पाखरावरच नजर होती माझी. खाली माणूस आहे असं दिसलं तशी पाठ केली. नंतर बघितलेही नाहीत, शेवटचे तेवढे तिथल्या तिथे काढून टाकले.”

“पाठ केली?” बागूल हलक्या आवाजात म्हणाले. “म्हणजे तुम्ही उतरताना पाहिलंच नाही?”

“नाही.”

दिवाळीपासून तो माणूस त्या कड्यावर जाऊन बसत होता.

“बाई,” सर म्हणाले. ते एक पाऊल पुढे आले आणि लहान पोराने विचारावं तसं त्यांनी विचारलं, “पाय आधी टेकले, की पंख आधी मिटले?”

मी नुसते हात पसरले. वर्गाच्या मधोमध, सगळ्या पुरुषांच्या समोर, पोस्टातली बाई मी, दोन्ही हात पसरून उभी राहिले. यंत्राचा उजेड माझ्या अंगावर पडला.

“बाई, भिंतीवर सावली पडतेय,” मागून कुणीतरी म्हणालं.

“पडू दे,” बागूल म्हणाले.

“पाय आधी,” मी म्हटलं. “पाय लोंबत होते, झाडावरून उतरणारा माणूस चाचपतो ना, तसे. ते टेकले. पंख तसेच उघडे होते, वाऱ्यावर धरलेले. बराच वेळ. मग एक मिटला. हा, डावा.”

मी डावा हात हळूहळू खाली आणला आणि सरांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

“सावकाश,” ते म्हणाले. “सावकाश सांगा.”